माहेर शेवाळाचं, सासर जीवाणूंचं

नलूताई, नील-हरित शैवाल कुणाचं, हा आपला वाद तू अर्ध्यावर टाकून गेलीस, हे काही बरं केलं नाहीस. भांडणातून उठून जायची तुझी सवय नव्हती. उलट मीच कधी वैतागून उठले, तर तू पदराला धरून खाली बसवायचीस. "बस गो. मुद्दा संपला नाही अजून."

तुझ्या दिवसांना पूर्णगडला तुझ्या भावाच्या घरी सगळे जमलो होतो. कुणी तुझ्या शिस्तीबद्दल बोललं, कुणी तुझ्या साधेपणाबद्दल. एक जण म्हणाले, "बिचारीनं लग्न केलं नाही, सगळं आयुष्य वनस्पतीशास्त्राला वाहिलं." मला हसू आवरेना. बिचारी? दर रविवारी स्वतःसाठी आख्खा सरंगा तळून, दार लावून, कुणाला न विचारता खाणारी बाई बिचारी कशी असेल? तुझ्या वहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि तीही पदर तोंडाला लावून हसली. तिलाही ठाऊक. बाहेरच्या लोकांना वाटलं, आम्ही रडतोय. थोडं रडतही होतोच म्हणा.

मी रत्नागिरीला आले तेव्हा नुकतीच एम.एस्सी. झालेली, लांज्याच्या पलीकडच्या वाडीतली पोर. बाबा मुंबईला गोदीत. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मीच पहिली. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र हा नवा विषय सुरू झाला होता, पण त्याला खोली नव्हती. म्हणून तुझ्या वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत मधोमध दोन कपाटं उभी करून वाटणी केली होती. पलीकडे तू आणि तुझे वाळवलेले नमुने, अलीकडे मी, एक उबवणी पेटी आणि काचेच्या बशा. पहिल्याच दिवशी तू कपाटाच्या कडेनं डोकं काढून म्हणालीस, "काय गो, तुझे जीव डोळ्यांना दिसत नाहीत ना? मग त्यांना एवढी जागा कशाला लागते?"

माझा चेहरा रडवेला झाला. ते बघून तू अशी गडगडून हसलीस की वरच्या मजल्यावर तास घेणारे सर खिडकीतून डोकावले. मग डबा उघडलास, कोलंबीचं सुकं अर्धं माझ्या झाकणात वाढलंस आणि फर्मान काढलंस, "मॅडम नको, बाई नको. नलूताई म्हण. आणि अगंतुगं कर. वाद घालायचा तर अहोजाहो आड येतं." माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठी तू. मला जीभ वळवायला महिना लागला.

माझा पहिला तास आठवतो? मी फळ्याकडे तोंड करून सांगत होते, "साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांना सूक्ष्मजीव म्हणतात. त्यांचे गट पुढीलप्रमाणे: जीवाणू, विषाणू, बुरशी, आदिजीव, शैवाल." मुलं खाली मान घालून उतरवून घेत होती. तेवढ्यात देवरुखकडची एक मुलगी उठली. "मॅडम, हे सगळे एकमेकांचे कोण लागतात?"

मी खडू घेऊन पुन्हा फळ्याकडे वळले. एकदम कपाटाच्या पलीकडून तुझा आवाज आला, "चांगला प्रश्न आहे! द्या उत्तर, मॅडम!" वर्ग खो खो हसला. मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी तू भाट्याच्या किनाऱ्यावरून टोपलीभर शिंपले आणून माझ्याच टेबलावर ओतलेस आणि मुलांना म्हणालीस, "लावा ह्यांचे गट." एकानं रंगावर लावले, एकानं आकारावर. एका मुलानं खाण्याचे आणि न खाण्याचे असे दोन ढीग केले. तू म्हणालीस, "सगळ्यांचं बरोबर. आता सांगा, ह्यातली सख्खी भावंडं कोणती?" मुलं पुन्हा ढीग उसकटायला लागली. "बघा," तू म्हणालीस, "एक वर्गीकरण आपल्या सोयीचं, एक त्यांच्या नात्याचं. सोयीचं पटकन होतं, नात्याचं शोधावं लागतं. तुमच्या मॅडमची पंचाईत अशी, की त्यांच्या जीवांना ना शिंपला, ना शेपूट, ना पान. मग त्या नातं कशावरून शोधणार? विचारा त्यांना." आणि तू कपाटाआड गेलीस.

त्या दिवशी मला पहिल्यांदा शिकवता आलं. मी सांगितलं, आधी आकार बघायचा: गोल की काठीसारखा की मळसूत्री. मग रंग द्यायचा: कोण जांभळा रंग धरून ठेवतो, कोण सोडून देतो, कारण त्यावरून त्याची भिंत कशी ते कळतं. मग विचारायचं, तू खातोस काय, तुला हवा लागते की नाही. आणि सगळ्यात मोठा प्रश्न: तुझ्या पेशीत केंद्रकाला वेगळी खोली आहे, की सगळं एकाच खोलीत? जीवाणूंचं सगळं एका खोलीत. बुरशीला, आदिजीवांना, झाडांना आणि आपल्याला वेगळी खोली. विषाणूंना तर घरच नाही, ते दुसऱ्याच्या घरात शिरतात. दुपारी मुलांनी घरून आणलेलं आंबोळीचं आंबलेलं पीठ काचपट्टीवर पसरून रंगवलं. सूक्ष्मदर्शकात जांभळ्या काठ्या आणि मधे मोठे लांबट गोल यीस्ट दिसल्यावर मुली किंचाळल्याच. "मॅडम, हे आम्ही रोज खातो?" तो जांभळा रंग तुझ्या पांढऱ्या साडीवर सांडला. तू ती साडी पुढे कित्येक वर्षं मुद्दाम नेसायचीस आणि डाग दाखवून नव्या मुलांना सांगायचीस, "हे तुमच्या मॅडमचं पहिलं संशोधन."

आणि त्याच आठवड्यात आपली ठिणगी पडली. मी फळ्यावर जीवाणूंच्या यादीत नील-हरित शैवालाचं नाव लिहिलं होतं. तू कपाट ओलांडून आलीस. "हे माझं आहे."

"होतं," मी म्हटलं. "त्यांना केंद्रकाची खोली नाही. भिंत जीवाणूंसारखी. ते जीवाणूच."

"अगो, ते उन्हात अन्न करतात, प्राणवायू सोडतात! हे काय तुझे जीवाणू करतात?"

"हेच करतात की!"

सगळ्या जीवांच्या पाच सृष्टी मांडणारं नवं पुस्तक मी तुझ्यापुढे ठेवलं. तू ते वाचलंस, आख्खं वाचलंस, आणि परत देताना म्हणालीस, "छान लिहिलंय. पण चूक आहे." तेव्हापासून तू तुझ्या तासाला त्यांना शैवाल म्हणून शिकवत राहिलीस, मी माझ्या तासाला जीवाणू म्हणून. मुलं हुशार. तुझ्या पेपरात शैवाल लिहीत, माझ्या पेपरात जीवाणू, आणि दोन्हीकडे गुण घेत.

ह्या वादाचं खरं मोल मला कळलं ते आमच्या गावच्या तळीवर. भारतानं क्रिकेटचा विश्वचषक जिंकला त्याच्या पुढच्या वर्षीचा शिमगा नुकता सरला होता. दुपारी प्रयोगशाळेच्या दारात माझा धोंडूकाका उभा. टोपी हातात, डोळे लाल.

"मीने, गाव बोलतो, मी तळीत मोरचूद टाकला."

काकाची पोफळीची बाग तळीला लागून. पावसाआधी पोफळीच्या शेंड्यांवर चुन्यात कालवून फवारायचे मोरचुदाचे निळे खडे त्याच्या खोपीत कायम असत. तळीचं पाणी एकाएकी निळं-हिरवं झालं होतं, काठावर निळा थर वाळला होता, आणि ते पाणी प्यालेली, शेजारच्या गावकरांची गाभण गाय मेली होती. पाण्याच्या पाळीवरून काकाचं आणि गावकरांचं आधीच वाजलेलं. गावानं दोन आणि दोन चार केले.

"सोमवारी बैठक हाय. वाळीत टाकतील. वैशाखात सुमनचा लगीन. मांडव घालायला कोण येल? मी कशाला टाकू गो? माझ्या पोफळीला त्याच तळीचा पाणी जातो."

मी पुतणी, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तू कपाटाच्या पलीकडून सगळं ऐकलं होतंस. बाहेर आलीस, काकाला खुर्ची दिलीस आणि एकच विचारलंस, "पाणी आणलंय का?"

काकानं पिशवीतून सरबताची बाटली काढली. एस्टीच्या प्रवासात बाटली उभी राहिल्यामुळे खाली पाणी जवळजवळ नितळ झालं होतं आणि हिरवं सगळं गळ्याशी सायीसारखं जमलं होतं. तू बाटली उजेडात धरलीस आणि हसलीस. "मोरचूद असा वर येऊन बसत नाही. तो विरघळतो." एक थेंब काचपट्टीवर घेतलास, बघितलंस, आणि मला सूक्ष्मदर्शकावर ढकललंस. जेलीसारख्या गोळ्यांत असंख्य बारीक हिरवे मणी. आपण दोघी एकदमच ओरडलो, "सापडलं!" आणि पुढच्याच क्षणी तू म्हणालीस "शैवाल" आणि मी म्हटलं "जीवाणू", आणि काका मधे बसलेला असताना आपण भांडायला लागलो. बिचाऱ्याला वाटलं, पुतणीला शहराचं वारं लागून वेड लागलं.

सोमवारी आपण निघालो. प्राचार्यांच्या परवानगीनं घेतलेली सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी तू लांज्यापर्यंत मांडीवर धरून बसलीस. कंडक्टर म्हणाला, "बाय, पेटारी वर ठेवा." तू म्हणालीस, "नको रे बाबा, ह्यात माझे डोळे आहेत." त्यानं दचकून तिकीट दिलं आणि परत आपल्याकडे फिरकला नाही.

देवळासमोर सगळी वाडी जमली होती. काका एका बाजूला एकटा. त्याच्या शेजारची जागा लोकांनी सोडून ठेवली होती. तू सरळ जाऊन त्या मोकळ्या जागेत, त्याच्या शेजारी उभी राहिलीस. नलूताई, तिथेच मी अर्धी जिंकले होते.

मग तू काकाकडून मोरचुदाची चिमूट मागितलीस, कळशीभर विहिरीच्या पाण्यात कालवलीस, आणखी घातलीस, अगदी तळीच्या पाण्याइतका रंग येईपर्यंत. दुसऱ्या कळशीत तळीचं पाणी. दोन्हींत एकेक घासलेली कोयती सोडलीस आणि म्हणालीस, "मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढतं. आता चहा करा." चहा झाल्यावर कोयत्या बाहेर काढल्या. मोरचुदातल्या कोयतीवर तांबूस लाल लेप चढला होता. तळीच्या पाण्यातली कोयती होती तशीच. लोक पुढे सरकले. एका म्हातारीनं लाल कोयतीवर बोट फिरवून बोट नाकाशी नेलं. कुणीतरी म्हणालं, "म्हंजे मोरचूद नाय तर."

गावकर मात्र हलले नाहीत. शांत, करारी माणूस. "मगे ह्या हाय तरी काय? माझी गाय कशान मेली?"

मी आरशात ऊन पकडून सूक्ष्मदर्शक लावला. गावकरांनी डोळा लावला. "मला केस दिसतात."

"त्या तुमच्या पापण्या," तू म्हणालीस. "जरा लांबून बघा."

ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "साबुदाणो. हिरवो साबुदाणो. ह्यो जिता हाय?"

"जिता आहे," आपण दोघी म्हणालो.

"नाव काय ह्याचा?"

आणि आपली जन्माची खोड! तू म्हणालीस, "शेवाळ." मी म्हटलं, "जीवाणू." एकाच दमात.

गावकर उभे राहिले. "तुमच्यातच एकमत नाय. मगे आमी इश्वास ठेवायचा कुणावर?" मागून कुणी म्हणालं, "पुतणीच ती, चुलत्याचा बोलणार." काकाची मान पुन्हा खाली गेली. माझ्या एका शब्दानं त्याच्या मुलीचा मांडव मोडतोय, असं वाटलं.

तू घाबरली नाहीस. गावकरीणबाई कडेला उभ्या होत्या, त्यांच्याकडे वळून विचारलंस, "बाय, तुमचं माहेर कुठलं?"

"देवरुखकडचा," त्या लाजत म्हणाल्या.

"माहेरी तुमचं आडनाव वेगळं, इथे वेगळं. माहेरची माणसं अजून जुन्या नावानं हाक मारतात ना? मग तुम्ही बाया दोन की एक?"

बायका हसल्या. तू गावकरांकडे वळलीस. "हे तसंच आहे. ह्यांचं माहेर शेवाळात. तिथे शेकडो वर्षं त्यांना शेवाळ म्हणतात, कारण ती उन्हावर जगतात, हिरवी असतात. आता ह्या पोरीच्या शास्त्रानं आत डोकावून बघितलं, तर घडण जीवाणूंची निघाली. म्हणून सासर जीवाणूंत. कुठल्या नावानं हाक मारायची त्यावरून आमचं रोज भांडण. पण तळीत कोण बसलंय, ह्यावर भांडण नाही. हे मोरचूद नाही, एवढं आम्ही दोघी त्या देवळाच्या पायरीवर हात ठेवून सांगू."

गावकरीणबाईंनी नवऱ्याला सांगितलं, "बरोबर बोलतात त्या." आणि बैठकीचा नूर फिरला.

मग मी पुढे झाले. मी सांगितलं, ह्यांच्या काही जातींत विष असतं. तळी आटली, ऊन तापलं, वारा पडला, गुरं धुतल्याचं शेण आणि शेतांतलं खत पाण्यात साचलं, की हे भराभरा वाढतात आणि वर साय धरतात. गायीनं काठावरची तीच साय प्यायली असणार. गावकरांनी विचारलं, "मगे मोरचूद टाकून मारूया ह्यांना?" सगळे हसले, काका सोडून. तू म्हणालीस, "नको. मेली की आतलं विष एकदम पाण्यात उतरतं. गुरं लांब ठेवा, धुणंबिणं दुसरीकडे करा. पाऊस तळी धुऊन काढील."

गावकरांनी काकाकडे बघितलं. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "धोंडू, पान लाव." काकानं इतक्या घाईनं डबी उघडली की चुना पानावर कमी आणि धोतरावर जास्त पडला. पण त्यानं पान लावलं आणि गावकरांनी ते खाल्लं.

परतताना एस्टीत मी तुला म्हटलं, "सासर आमचंच म्हणालीस ना? सगळ्या गावासमोर?"

"म्हणाले. पण सासरी गेली म्हणून बाई माहेर विसरते काय गो? सणाला येणार ती माझ्याकडेच." आणि तू पेटीवर डोकं टेकून झोपलीस, ती रत्नागिरी येईपर्यंत.

सुमनच्या लग्नात मांडव घालायला सगळी वाडी आली. बायकांनी तुझ्या केसांत अबोलीची एवढी वेणी माळली की तुझी मान हलेना. तुला ओळख कशी करून द्यायची ह्याचा काकाला प्रश्न पडला, तेव्हा तो पाहुण्यांना सांगत सुटला, "ह्या शेवाळाच्या माहेरच्या." तू खूश. पुढे निवृत्त होईपर्यंत आमच्या वाडीतून तुला दर वर्षी आंबे, फणस, कोकमं येत राहिली. "तुझ्या विषयानं मला पोटभर खायला घातलं," असं तू निवृत्तीच्या भाषणात म्हणालीस आणि नव्या प्राचार्यांना त्यातलं काही कळलं नाही.

तुझ्या आजारात मी पूर्णगडला येत होते, ते तुला धीर द्यायला, असं घरचे समजत. खरं म्हणजे आपण भांडत होतो. झाडाच्या पानातला जो हिरवा कण आहे, तोही फार पूर्वी बाहेरून आत शिरून राहिलेला असाच एक जीव असावा, हे मी तुला सांगितलं, तेव्हा तू उशीवरून उठून बसलीस. मी चढ्या आवाजात म्हटलं, "म्हणजे तुझं सगळं वनस्पतीशास्त्र माझंच!" तू म्हणालीस, "उलट गो! म्हणजे तुझे जीव माझ्या पानात बिऱ्हाडकरू!" दोघी इतक्या हसलो की तुला खोकल्याची उबळ आली आणि वहिनी मला ओरडली. मुद्दा तिथेच राहिला.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्या पहिल्या वर्षी मला वर्गाची भीती वाटायची. रोज तासाला उभं राहताना मी आधी कपाटापलीकडचा कानोसा घ्यायचे. तुझ्या बांगडीचा, परीक्षानळीचा, काहीतरी आवाज आला की मी बोलायला लागायचे. समोरच्या मुलांसाठी नव्हे, तुला ऐकू जावं म्हणून. तू चूक काढशील, मधे बोलशील, ह्या आशेवर. माणसाला शिकवायला धाडस लागतं, आणि ते मला कुणीतरी विरोध करायला बसलेलं आहे ह्यातून मिळालं. हे तुझ्यासमोर बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "पुरे, नाटकं करू नको." म्हणून राहिलं.

शेवटच्या भेटीत मी तुला आणखी एक नवी गोष्ट वाचून दाखवली. जीवाणूंसारखे दिसणारे, पण आतून जीवाणूंपेक्षा फार वेगळे असे जीव सापडले आहेत. कुणी मिठात राहतात, कुणी उकळत्या पाण्यात. त्यांना कुठल्या खणात ठेवायचं ह्यावर मोठमोठे लोक भांडतायत. तुझे डोळे चमकले. "म्हणजे अजून एक सृष्टी? मीने, आपल्या तुरळला गरम पाण्याचं कुंड आहे. मी बरी झाले की जाऊ या. कोण राहतंय बघू या."

तू बरी झाली नाहीस. मी काल गेले. वर्गातल्या मुलींना घेऊन गेले. कुंडाच्या कडेला वाफ येत होती, आंघोळीला आलेली माणसं आम्हाला वेडं समजून बघत होती. एका मुलीनं चिमट्यानं बाटली धरून पाणी भरलं आणि "आईगं, भाजतंय!" म्हणून तिथेच नाचली. सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं.

बाटलीवर चिठ्ठी लावताना तिनं विचारलं, "मॅडम, आत काय आहे म्हणून लिहू?"

मी म्हटलं, "जागा लिही, तारीख लिही, पाणी केवढं कढत होतं ते लिही. नावाची जागा मोकळी ठेव. ते आपण भांडून ठरवू."